गोव्याच्या दमट हवेत पडदे कोणते, किती लांब आणि कशावर टांगावेत?

पर्वरीचा_नवा_रहिवासी | ९ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही पर्वरीला तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहायला आलो. बाकी सारी मांडामांड झाली, परंतु पडद्यांचा प्रश्न सुटलेला नाही आणि दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील सरकत्या दरवाजाला जुनी चादर अडकवून दिवस काढणे चालू आहे. हा दरवाजा ६ फूट रुंद व ७ फूट उंच असून बाहेर लहानशी बाल्कनी आहे. दुपारी ३ नंतर सोफ्यावर बसवत नाही, इतके ऊन आत येते.

दुकानदाराने छतापासून जमिनीपर्यंत पोहोचणारे, अस्तर लावलेले मखमली पडदे आणि वर प्लायवूडची पेल्मेट (दांडी झाकणारी पेटी) असा थाट सुचवला आहे व पत्नीला तो पसंत आहे. सासूबाईंचे आयुष्य सावईवेऱ्याच्या जुन्या घरात गेले. त्यांचे म्हणणे असे की पावसाळ्यात मखमल लावणे म्हणजे भिजलेले मेंढरू घरात बांधण्यासारखे आहे, आणि जनेलाला अर्धा सुती पडदा पुरतो. कापड, लांबी, दांडी आणि धुलाई या चारही बाबतींत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मडगावची_मावशी | ९ एप्रिल, रात्री ९.३२

सासूबाईंचे ऐकावे. धागा येथेच बंद करायलाही माझी हरकत नाही.

फोंड्याचा_शिंपी | ९ एप्रिल, रात्री १०.०५

मावशी, धागा बंद केला तर आम्ही शिवायचे कशाने?

मी ३० वर्षांहून अधिक काळ पडदे शिवले, म्हणून आधी मापाचे लिहितो; कापड चुकले तर मन मारून वापरता येते, माप चुकले तर काहीही करता येत नाही. माप दरवाजाचे घ्यायचे नसते, दांडीचे घ्यायचे असते. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच जास्त ठेवावी, म्हणजे पडदा उघडल्यावर तो भिंतीवर गोळा होतो आणि काच मोकळी राहते. चुण्या छान पडण्यासाठी या रुंदीच्या किमान दुप्पट कापड लागते, आणि पातळ झिरझिरीत कापड असेल तर अडीचपट घ्यावे. तुमच्या ७२ इंचांच्या दरवाजासाठी दांडी ८४ इंचांची धरली, तर दुपटीने १६८ इंच होतात. ताग्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४८ इंच असेल तर साडेतीन पाट (उभ्या पट्ट्या) येतात, म्हणजे ४ पाट धरावे लागतात. ५४ इंचांचा पन्हा मिळाला तर तीन पाटांत जवळजवळ भागते. दुकानात पन्हा न विचारता केवळ मीटरचा भाव विचारणारे गिऱ्हाईक मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

उंचीमध्ये वरची दुमड, बकरम (दुमडीत घालायचे ताठ कापड) आणि खालची पट्टी मिळून १ फूट जास्त धरावा, आणि कापडावर फुलांची नक्षी असेल तर नक्षी जुळवण्यासाठी प्रत्येक पाटामागे आणखी एका पूर्ण नक्षीएवढे कापड घ्यावे. सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यात बुडवून वाळवणे अत्यंत आवश्यक आहे. ते पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटते, म्हणजे ८४ इंचांचा पडदा सहज ३-४ इंचांनी आखूड होतो आणि घोट्याच्या वर गेलेल्या पाटलोणीसारखा दिसू लागतो. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी खालची पट्टी ४-५ इंच रुंद ठेवून घ्यावी, म्हणजे पुढे उसवून सोडता येते.

आणखी एक बारीक गोष्ट. आयलेट (कापडात बसवलेल्या गोल कड्या) लावणार असाल तर प्रत्येक पडद्यातील कड्यांची संख्या सम असली पाहिजे. विषम झाली तर पडद्याचे एक टोक भिंतीकडे वळते व दुसरे खोलीत नाक खुपसते.

वास्कोतील_वैदर्भीय | १० एप्रिल, सकाळी ७.५०

आमच्या नागपूरकडे उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत असत आणि खोली खरोखर गार होत असे. वास्कोला बदली झाल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये मी तोच प्रयोग मोठ्या उत्साहाने केला. खोली गार झाली नाही. उलट दमट झाली आणि वाळ्याला आठवडाभरात कुबट वास येऊ लागला. कारण उघड आहे: पाणी उडून जाताना हवेतील उष्णता घेते म्हणून गारवा येतो, आणि समुद्रकाठच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडतच नाही.

त्या फजितीतून एक गोष्ट मात्र शिकलो. ऊन काचेतून एकदा आत आले की आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप अडवतो, परंतु तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. आपल्याला बाल्कनी आहे, तेव्हा तिच्या तोंडाशी बांबूची चिक सोडावी, मग आतल्या पडद्याला अस्तर लागणार नाही. पूर्वी बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कडेला माडाच्या झावळ्यांची झापे बांधत, त्यामागे हाच विचार होता.

पणजीची_रचनाकार | १० एप्रिल, दुपारी १२.२०

घरांची अंतर्गत रचना हाच माझा व्यवसाय असल्यामुळे थोडा विरोधी सूर लावते. लांब पडद्याला उगाच बदनाम केले जात आहे. खोली ठेंगणी असेल तर दांडी चौकटीच्या वर ६ ते ८ इंचांवर लावून पडदा जवळजवळ जमिनीपर्यंत सोडल्याने ती उंच वाटते, आणि चौकटीखाली वीतभर लोंबणारा अर्धवट पडदा हा दोन्ही जगांतून गेलेला प्रकार आहे. मात्र जमिनीवर लोळणारे पडदे, जे परदेशी मासिकांत दिसतात, ते येथे नकोत. अर्धा ते पाऊण इंच अंतर ठेवावे, म्हणजे फरशी पुसताना ओलावा व माती वर चढत नाही.

मखमलीविषयीही जरा नीट बोलूया. बाजारात पडद्यासाठी मिळणारी बहुतेक मखमल हल्ली पॉलिएस्टरची असते. कापूस हवेतील ओलावा धरून ठेवतो, नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या साधारण ८ टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. तेव्हा भिजलेल्या मेंढराची उपमा सुती मखमलीला लागू पडेल, पण पॉलिएस्टरच्या मखमलीवर तो थोडा अन्याय आहे. वातानुकूलित शयनगृहात मी ती निर्धास्तपणे सुचवते.

एक जाता जाता सांगते. आपल्या जुन्या घरांतील शिंपल्यांची तावदाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल की पडद्याची गरज काचेने निर्माण केली. त्या पातळ शिंपल्यांतून प्रकाश दुधासारखा गाळून येत असे आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नसे. दोन्ही कामे तावदानच करी.

मडगावची_मावशी | १० एप्रिल, दुपारी १.१५

रचनाकारबाई, आपले आकडे मान्य आहेत, परंतु बुरशीने ते वाचलेले नाहीत. पॉलिएस्टर ओलावा धरत नसेल, पण त्यावर बसलेली धूळ आणि स्वयंपाकाचा तेलकट थर धरतो, आणि बुरशीला तेवढे पुरते. मखमलीच्या लवेत ही धूळ कशी बसते ते झटकणाऱ्यालाच विचारावे.

केप्याच्या_कुळागरातून | १० एप्रिल, रात्री ८.४५

कापडाचे ठीक आहे, परंतु पडदा शेवटी भिंतीला टांगायचा असतो. पर्वरीच्या नव्या इमारतीत चौकटीवर काँक्रीटचा लिंटेल (आडवी तुळई) असेल, तेथे चांगला ड्रिल आणि धीर एवढेच लागते. आमच्यासारख्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांत मात्र वेगळीच कथा असते. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. हातोडीचा ठोका चालू ठेवून ड्रिल मारले की ८ मिलिमीटरचे भोक बघता बघता १२ चे होते आणि त्यातून लाल भुकटी वाहू लागते. प्लग आत गोल गोल फिरतो व पहिल्या सणाला दांडीसकट पडदा पाहुण्यांच्या अंगावर येतो. आमच्याकडे तो भटजींच्या अंगावर आला होता.

तेव्हापासून आम्ही ठोका बंद ठेवून, केवळ फिरत्या ड्रिलने, हळूहळू भोक पाडतो आणि त्यात घट्ट बसणारी लाकडी गुट्टी ठोकून तीत लांब स्क्रू मारतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे चौकटीच्या वर एक सबंध लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी पक्की करून दांडीचे ब्रॅकेट त्या पट्टीला लावणे, म्हणजे भार एकाच चिऱ्यावर येत नाही. दांडी ६ फुटांहून लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच, नाहीतर ती पोटात झुकते.

कोलव्याचा_खारा_वारा | ११ एप्रिल, सकाळी १०.३०

समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो, म्हणून धातूविषयी लिहितो. सोनेरी मुलामा दिलेल्या लोखंडी दांड्या आमच्याकडे दोन पावसाळे पाहत नाहीत. मुलाम्याला टाचणीएवढे छिद्र पडले की आतून गंज फुगतो आणि पडदा सरकवताना करकर आवाज येतो. स्टेनलेस स्टीलमध्येही फरक आहे. ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत तपकिरी ठिपके येतात, ३१६ प्रतीमध्ये मॉलिब्डेनम असल्याने ती अधिक टिकते, परंतु पडद्याच्या दांडीसाठी ती शोधून आणणे आणि परवडणे दोन्ही अवघड आहे. पावडर कोटिंग केलेली ॲल्युमिनियमची नळी किंवा सरकपट्टी हा मला मधला मार्ग वाटतो. आयलेटच्या कड्या प्लास्टिकच्या घ्याव्यात. त्यांवरही धातूसारखी झळाळी मिळते आणि गंजाचे वर्तुळ कापडावर उमटत नाही.

पर्वरीला आमच्याइतका खारा वारा नाही, तरी दांडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवायला काय हरकत आहे? चिकटला तर आत लोखंड असण्याचीच शक्यता जास्त.

डिचोलीकर | ११ एप्रिल, दुपारी ४.००

आमच्या भागातील पडद्यांचा रंग दुकानदार ठरवत नसत, खनिजाचे ट्रक ठरवत असत. पांढरा पडदा लावणारा मनुष्य एकतर नवखा असे किंवा आशावादी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांतील रोजगार गेला, आमच्याही घरातला गेला, त्यामुळे पडदे स्वच्छ राहू लागल्याचा आनंद उघडपणे कोणी बोलून दाखवला नाही.

त्या काळातील दोन धडे सांगतो. लाल धूळ बसलेला पडदा थेट पाण्यात घालू नये. आधी बाहेर नेऊन झटकावा किंवा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, कारण ओली झालेली धूळ धाग्यात शिरून कायमची बसते. दुसरे, लोखंडाच्या डागावर ब्लीच घालण्याची चूक करू नये. तो डाग जात नाही, उलट पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून पडदा उन्हात ठेवावा व मग स्वच्छ धुवावा. लिंबू लोखंडाला विरघळवून बाहेर काढते. रंगीत कापडावर आधी आतल्या दुमडीत करून पाहावे.

कोलव्याचा_खारा_वारा | ११ एप्रिल, दुपारी ४.२०

डिचोलीकरांचे लिंबू मी यापुढे घरात ठेवणार आहे. वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून मी स्वतःच्या हुशारीने खालच्या पट्टीत लोखंडी नट शिवून घेतले होते. पहिल्याच धुण्यानंतर पडद्याच्या तळाशी तपकिरी ठिपक्यांची रांगोळी उमटली.

दशावताराचा_प्रेक्षक | ११ एप्रिल, रात्री ११.१०

आमच्या गावच्या उत्सवातील नाटकांत पडदा अर्ध्यावर अडकण्याची परंपरा आहे आणि त्याविषयी कधी कोणी धागा काढलेला नाही. घरच्या पडद्याबद्दल एवढी चर्चा पाहून मला रंगभूमीची कीव येते.

दोन_नातवांची_आजी | १२ एप्रिल, सकाळी ८.०५

कोणी दोरीने वर-खाली होणारे रोमन किंवा रोलर पडदे घेण्याच्या विचारात असेल तर एक गंभीर सूचना करावीशी वाटते. त्या दोरीचा फास लहान मुलांच्या गळ्याला बसू शकतो. घरात लहान मूल असेल तर विनादोरीचा प्रकार घ्यावा. दोरी असलीच तर ती मुलाच्या हाती लागणार नाही इतक्या उंचीवर भिंतीला ताणून बांधावी आणि तिच्या जवळ पलंग अथवा पाळणा ठेवू नये.

पर्वरीचा_नवा_रहिवासी | १२ एप्रिल, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. पेल्मेटविषयी कोणी बोलले नाही. आणि पावसाळ्यात हे सगळे धुवायचे व वाळवायचे कसे?

केप्याच्या_कुळागरातून | १२ एप्रिल, रात्री ९.४१

प्लायवूडची पेल्मेट म्हणजे वाळवीला आमंत्रण आणि पालीला बाळंतिणीची खोली. आणखी काही लिहिण्याची गरज नसावी.

मडगावची_मावशी | १२ एप्रिल, रात्री १०.२५

पावसाळ्यात धुवायचे नसतात, हेच त्याचे उत्तर आहे. आमच्या घरी जाड पडदे मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात उतरतात. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळले की लगेच घडी घालत नाही. संध्याकाळी घरात पसरून त्यांची उष्णता जाऊ देते, मग जुन्या सुती चादरीत कडुनिंबाच्या पानांसह गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नयेत, कारण जो थोडा ओलावा राहिलेला असतो तो तेथेच कोंडतो. मृग लागायच्या आत खिडक्यांवर पातळ पॉलिएस्टरचे पडदे चढलेले असतात. ते रात्री धुतले तरी पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतात. भिंतीपासून पडदा चार बोटे दूर राहील अशी दांडी असावी. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस झोडपतो तिला टेकलेला पडदा पहिल्यांदा काळा पडतो. पाऊस उघडला की, दहा मिनिटे का होईना, सगळे पडदे बाजूला सारून वारा खेळू द्यावा.

खरी कसोटी चवथीला लागते. त्या दिवशी घरात सगळे नवे आणि स्वच्छ हवे असते, आणि हवा तर अजून ओलीच असते. म्हणून चवथीचे पडदे मी मे महिन्यातच धुऊन, इस्त्री करून वेगळे ठेवते. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना आणि समई लावताना जवळच्या खिडकीचा पडदा काढूनच ठेवावा, नुसता बांधून भागत नाही. पॉलिएस्टर पेटले की वितळून अंगाला चिकटते.

पणजीची_रचनाकार | १३ एप्रिल, सकाळी ९.००

मावशींच्या या उत्तरापुढे माझी पदविका फिकी आहे. केवळ एक भर घालते. ब्लॅकआउट पडद्याच्या मागे जो लेप असतो तो गरम पाणी, यंत्रातील जोराची पिळणी आणि इस्त्री यांपैकी काहीही सहन करत नाही. लेपाला भेगा पडल्या की अंधाऱ्या खोलीत दिवसा आकाशगंगा दिसू लागते. कोमट पाण्यात हाताने धुऊन, न पिळता, निथळत टांगावा. साधे पडदेसुद्धा किंचित ओले असतानाच पुन्हा दांडीवर चढवले तर स्वतःच्या वजनाने सुरकुत्या जातात, मात्र हे ऑक्टोबर ते मे या काळातच करावे.

पर्वरीचा_नवा_रहिवासी | ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४०

सहा महिन्यांनी परत येत आहे, कारण विचारून गप्प बसणे बरे नव्हे.

दिवाणखान्यात वैदर्भीय महोदयांच्या सल्ल्याने बाल्कनीला बांबूची चिक लावली. सोसायटीच्या समितीने इमारतीच्या दर्शनी रूपाचा मुद्दा काढून तीन बैठका घेतल्या आणि शेवटी चिक कठड्याच्या आतल्या बाजूने लावण्याच्या अटीवर परवानगी दिली. मे महिन्यात दुपारी सोफ्यावर बसता आले, म्हणजे तिने काम केले. जूनच्या आधी ती गुंडाळून माळ्यावर टाकली. आत दुहेरी ॲल्युमिनियमची दांडी असून पुढे साध्या विणीचे, बिनअस्तराचे आणि मागे झिरझिरीत पडदे आहेत, जमिनीपासून पाऊण इंच वर. शिंपीकाकांच्या हिशोबाप्रमाणे ५४ इंचांच्या पन्ह्याचे तीन पाट घेतले आणि मधला उभा चिरून दोन्हीकडे जोडून घेतला. कड्या प्रत्येकी १२. पेल्मेट केली नाही. हे पडदे पावसाळ्यात तीनदा धुतले आणि तिन्ही वेळा रात्रीत वाळले.

शयनगृहात मात्र पत्नीच्या इच्छेखातर पॉलिएस्टरची गडद निळी मखमल लागली. रचनाकारबाईंनी वातानुकूलित खोलीची अट घातली होती. आम्ही यंत्र केवळ रात्री लावतो आणि दिवसभर खोली बंद असते. ऑगस्टच्या अखेरीस कोपऱ्यातील, बाहेरच्या भिंतीला टेकणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूला पांढरट ठिपके दिसू लागले. सासूबाईंनी ते पाहिले आणि काहीही न बोलता चहा घेतला. आता या मखमलीचे काय करावे?

मडगावची_मावशी | ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५२

म्हणजे मेंढरू शेवटी बांधलेच म्हणायचे.

फोंड्याचा_शिंपी | ३० ऑक्टोबर, रात्री ८.१५

घाबरण्याचे कारण नाही, ठिपके अजून पांढरट आहेत तोवर पडदा वाचतो. तो खोलीत झटकू नका, नाहीतर बुरशी सगळीकडे उडेल. नाकाला रुमाल बांधून पडदा बाल्कनीत न्यावा, मागच्या बाजूने मऊ ब्रशने झाडावा आणि उलटा करून दोन दिवस उन्हात टांगावा, म्हणजे लवेचा रंग उडणार नाही. त्यानंतर थंड पाण्यात थोडा सौम्य साबण घालून बुडवावा, पिळू नये, आणि इस्त्री तर लवेवर मुळीच फिरवू नये. चपटी झालेली लव पुन्हा उभी राहत नाही. वाळल्यावर मागून वाफ द्यावी व लव एकाच दिशेने हाताने सारखी करावी. परत लावण्याआधी त्या कोपऱ्यातील ब्रॅकेट बदलून ४ इंच बाहेर येणारा बसवून घ्या आणि पडद्याच्या टोकाचा हूक भिंतीत न अडकवता दांडीलाच अडकवा.